काळ्यावर काळा दोरा

कुमासीच्या डॉक्टरांनी तक्त्यावरची शेवटची बारीक ओळ वाचायला लावली, ती अडोमाने चष्म्याविना घडाघडा वाचली. "शंभरपैकी शंभर!" डॉक्टर म्हणाले. मोतीबिंदू काढून बसवलेलं मल्टिफोकल भिंग जवळचं-लांबचं दोन्ही दाखवत होतं. मॅम्पाँगच्या बाजारात अडोमाने ही बातमी मिरवत मिरवत सांगितली.

"बरं झालं बाई," सेरवा म्हणाली. "आता काळं शिवण तू घे. माझे डोळे सुट्टीवर." तीस वर्षं दोघींचं एकच दुकान, रंगीत कापड अडोमाकडे, मयताचं काळं सेरवाकडे. "आणि मी मेले तर तुझा काळा पोशाख तूच शिव. टाके चुकवलेस तर शवपेटीतून उठून उसवीन, सांगून ठेवते!"

पंधरा दिवसांत सेरवाच गेली. अवघी अठ्ठावन्न वर्षांची.

अडोमा स्वतःच्या पोशाखाचं काळं कापड घेऊन बसली. कापड काळं, दोराही काळा. टाका कुठे पडतोय ते दिसेचना. दिवा जवळ ओढला तर दिव्याभोवती नुसती उजेडाची कडी. हाक मारायची कुणाला? जिला मारायची ती शवागारात होती. शेवटी तिने पांढरा दोरा ओवला. काठ आत दुमडल्यावर कोण बघतंय, अशी स्वतःची समजूत घातली.

शनिवारी अंत्यविधीला सेरवाच्या थोरल्या बहिणीने, पोकुआने, नेमकं बघितलं. "पांढरा? अगं, काळ्यावर पांढरं पिकल्या पानासाठी! माझी बहीण काय नव्वदीची होती?"

"काळा दिसला नाही गं."

"आणि नव्या डोळ्यांचा डांगोरा पिटत होतीस ना?"

"डॉक्टरांनी पांढऱ्यावरची काळी अक्षरं विचारली, पोकुआ. काळ्यावरचं काळं कुणी विचारलंच नाही."

पोकुआ तोंड फिरवून निघून गेली. अडोमा शेवटच्या रांगेत बसली. शेजारची खुर्ची रिकामीच होती. मैदानाच्या पार टोकाला सेरवाचा मोठा फोटो लावला होता. जन्माची तारीख, मरणाची तारीख, खाली नातवंडांची नावं, सगळं तिला इथून लख्ख वाचता येत होतं. वाचून सांगायला मात्र शेजारी कुणी नव्हतं.

तिने काठ उलटला आणि नखाने पहिला टाका तोडला.

"तू नको उठूस गं," ती पुटपुटली. "मीच उसवते."