पायरीवरच्या बाटल्या

पोराच्या छातीवर नळी टेकवून नीलम्मा ऐकत होती, तेवढ्यात बाहेर काचेवर काच आपटल्याचा आवाज झाला. एकदा झाला, मग पुन्हा झाला. तिनं नळी कानातून काढली, पोराच्या आईला "थांब गं जरा" म्हटलं आणि दाराशी आली.

महिपती हमाल उकिडवा बसून पायरीवरच्या बाटल्या उचलत होता आणि टोपलीत टाकत होता. अर्धी पायरी मोकळी झाली होती. त्याच्यामागं काठीवर दोन्ही हात ठेवून तिचे वडील, अप्पा, उभे होते. कपाळावर भस्माचे पट्टे ताजे होते, म्हणजे पूजा आटोपून थेट इकडंच आले होते.

"महिपती, ठेव त्या खाली," नीलम्मा म्हणाली.

महिपतीनं मालकाकडं पाहिलं. इतकी वर्षं ज्याचं मीठ खाल्लं त्याचं ऐकायचं, की ज्या पोरीला अंगाखांद्यावर खेळवलं तिचं? बिचाऱ्याचा हात तसाच बाटलीवर राहिला.

"भर रे तू," अप्पा म्हणाले. "दारात काचा मांडून ठेवल्यात. कुणाचा पाय पडला म्हंजी?"

महिपतीनं उरलेल्याही भरल्या.

कन्ना चौकामागच्या या बोळातलं हे गोदाम शिवलिंगप्पांचं, म्हणजे अप्पांचं. एके काळी इथं तुरीची पोती छतापर्यंत असायची. लेक डॉक्टर झाली तेव्हा अप्पांनी सगळ्या मार्केटात पेढे वाटले होते आणि नवी पेठेत तिच्यासाठी काचेच्या दाराचा गाळाही बघून ठेवला होता. लेकीनं तो गाळा पाहिला, छान आहे म्हणाली आणि विणकरांच्या या बोळात येऊन बसली. अप्पांना ते लागलं, चांगलंच लागलं. "दसऱ्यापर्यंत वापर गोदाम," असं म्हणून त्यांनी किल्ली टाकली, ती तोवर हिचं खूळ उतरेल या हिशेबानं. दोन दसरे गेले, खूळ काही उतरलं नाही. अप्पाही कधी या बोळात फिरकले नाहीत. स्वतःच्या खोकल्याला ते टांगा करून नवी पेठेतल्या डॉक्टरांकडं जायचे आणि येताना चौकोनी बाटलीतलं भारी औषध सगळ्यांना दिसेल असं हातात धरून आणायचे. घरात डॉक्टर असताना!

यंदा मात्र नीलम्माच्या थोरल्या भावानं, वीरभद्रानं, दसऱ्याला टॉवेलचे माग घ्यायचं पक्कं केलं होतं. मागांना जागा लागणार होती. तेव्हा अप्पा आज कशाला आले आहेत, हे नीलम्माला कुणी सांगायची गरज नव्हती. दवाखाना इथून उठला, तर तो दुसरीकडं उभा राहणार नाही, हेही तिला ठाऊक होतं. चौकात जागेचं भाडं काय म्हणतात ते ती विचारून आली होती. तेवढं भाडं द्यायचं तर औषध महाग करावं लागलं असतं, आणि औषध महाग झालं की या पायरीवरच्या निम्म्या बाटल्या पुन्हा दिसल्या नसत्या.

"अप्पा, त्या नुसत्या बाटल्या नाहीत. नंबर आहेत."

"कुणाचे? माणूस तर एक दिसंना हितं."

"माणसं कामावर आहेत. कुणी मागाला सुताच्या कांड्या भरतंय, कुणी विड्या वळतंय. दिवसभर रांगेत बसायला कुणाला सवड आहे? म्हणून सकाळी येतात, बाटली ठेवतात आणि जातात. आपापली ओळखायला गळ्याला सूत बांधतात. बाटली पुढं सरकत राहते, नंबर जवळ आला की माणूस येतं."

औषध घ्यायला बाटली घरूनच न्यायची, ही रीत तेव्हा सगळ्याच दवाखान्यांत होती. पण बाटलीला रांगेत उभी करायचं डोकं या बोळातल्या बायकांचं. ज्या दिवशी मागावर जो रंग चढलेला असेल, त्याच रंगाचं सूत बाटलीच्या गळ्याला दिसायचं.

अप्पा हसले. हसताना खोकला आला, तो आवरून म्हणाले, "अगं, माझी हयात मार्केटात गेली. पोतं रांगेत सोडून चहाला गेलेला माणूस परत आला की त्याचं पोतं मागं गेलेलं असतंय. हितं कोण राखतंय?"

"कुणी नाही."

"आता तर सगळा काला झालाय. बघ कशा झिंज्या धरतात एकमेकींच्या."

असं म्हणून ते दाराजवळच्या बाकावर बसलेच.  रागानं नीलम्माचे कान तापले. आत पोर रडायला लागलं होतं, म्हणून ती आत गेली.

गिरणीचा भोंगा झाला आणि एकेक बाई बोळात दिसू लागली. सगळ्यात पुढं केराबाई होती. दुष्काळात नातेपुत्याहून नवऱ्याबरोबर आलेली, आता कांड्या भरणारी. केसांत, भुवयांवर सुताचा पांढरा भुगा घेऊनच ती यायची. पायरी मोकळी पाहून ती थबकली. मग तिला टोपली दिसली.

"ह्या कुणी उचलल्या?"

"मी," अप्पा म्हणाले.

गोदामाचा मालक सगळ्यांनाच माहीत होता. केराबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला.  आत नीलम्माचा हात नाडीवर होता, पण नाडीकडं लक्ष नव्हतं.

केराबाई खाली बसली आणि टोपलीतून एक बाटली काढली. "ही माझी. माझ्याम्होरं हिरव्या सुताची हुती. कुणाची गं?"

"माझी," मागून आवाज आला.

"ये म्होरं. तुझ्याम्होरं कोण?"

अशा बाटल्या लागत गेल्या. एका ठिकाणी मात्र अडलं. एका तरण्या बाईची बाटली बिनसुताची होती, तिची जागा कुणाला आठवेना. पोर कडेवर घेऊन ती गप्प उभी होती. सकाळची वेळ, कोण कुणाकडं बघतंय? तिनं पुढची जागा सांगितली असती तरी खपलं असतं.

"मी लई उशिरा ठिवली," ती म्हणाली. "शेवटाला टाका."

"शेवटाला नव्हती ती," अप्पा एकदम म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. अप्पांनी काठीचं टोक पायरीच्या मधोमध टेकवलं. "हितं हुती. हिच्या अलीकडं लाकडी बुचाची, पलीकडं गळ्याला पिवळं सूत. महिपतीनं उचलताना मी बघितलंय की."

केराबाईनं बाटली काठीच्या टोकापाशी ठेवली. मग अप्पा पुढचंही सांगू लागले. ही नाही, ती आधी. तांबडी तिच्या मागं. नीलम्मा दाराच्या फळीआडून बघत राहिली. शेकडो पोती एका नजरेत ध्यानात ठेवणारा माणूस, आज बायकांच्या औषधाच्या बाटल्या लावत होता. पेशंट एकदा बघितला की त्याचा चेहरा आपण विसरत नाही, ते कुणावर गेलंय, हे तिला आज कळलं आणि आतून कौतुक वाटलं. रागावलेलं असतानाही वाटलं.

शेवटी टोपलीत एकच बाटली राहिली. तिला जांभळं सूत होतं. ती कुणी मागेना.

"ही कुणाची नाही. काढा रांगेतनं," अप्पा म्हणाले.

"पोशव्वा म्हातारीची हाय ती," केराबाई म्हणाली. "विड्या देऊन येती, तिला उशीर होतो. तिची जागा धरायची." आणि तिनं ती बाटली बरोबर तिच्या जागी ठेवली.

"आणि आलीच न्हाई तर?"

"न्हाय आली तर मी जाऊन बघती. बाटली ठिवलीया म्हंजी दुखतंय की तिला कायतरी. दुखणं असून माणूस आलं न्हाय, म्हंजी ज्यास्तच दुखत आसंल. मग आमच्यातलं कुणीतरी जातंच."

 अप्पांनी जांभळ्या सुताच्या बाटलीकडं पाहिलं. मग उठले आणि महिपतीला खूण करून निघाले. दसऱ्याचा विषय निघाला नाही. बोळाच्या तोंडाशी खोकल्याची उबळ आली तसे भिंतीला हात लावून थांबले. नीलम्माचं पाऊल पायरीपर्यंत गेलं. हाक मारावी असं फार वाटलं. पण अप्पांनी मागं वळून पाहिलं नाही, आणि हट्टाच्या बाबतीत लेकही बापाचीच होती.

घरी पुढचे काही दिवस अप्पा मुकेच होते. वीरभद्र जेवताना विचारायचा, "अप्पा, नीलाला सांगितलंत का?" आणि अप्पा भाकरीकडं बघत कानडीत "साकु" म्हणायचे. वाढणाऱ्या वहिनीला पुरे म्हणताहेत की लेकाला, ते कुणाला समजायचं नाही. नीलम्मानं मनाशी सामान बांधायला घेतलं होतं. दसरा तोंडावर आला होता.

एका सकाळी ती दवाखान्यात आली, तेव्हा पायरीवर नेहमीसारखी रांग लागली होती. ती कुलूप काढायला वाकली आणि तशीच राहिली. रांगेच्या अगदी शेवटी एक चौकोनी, तपकिरी बाटली होती. लेबल खरवडून काढलं होतं, बाटली स्वच्छ धुतली होती. गळ्याला सूत नव्हतं. पोती शिवायची सुतळी गुंडाळली होती.

"मालक ठिवून गेले," मागून केराबाई म्हणाली. "म्होरं ठिवा म्हणलं, तर नगं म्हणले. सगळ्यात शेवटी आलो, शेवटीच ठिवतो म्हणले."

नीलम्माला हुंदका आला, तो तिनं खोकल्यात दडवला. मग कुलूप काढलं आणि पहिली बाटली उचलली. त्या दिवशी तिनं कुणाला घाईनं तपासलं नाही, कुणाचा नंबर मागं-पुढं केला नाही. दुपार होईतो पायरीवर ती एकच बाटली राहिली. अप्पा आले नाहीत.

केराबाई ती बाटली बघायलाच परत आली होती. रिकाम्या बोळाकडं बघून तिनं पदर खोचला. "मी जाऊन येती, बाई."

"नको," नीलम्मा म्हणाली. नळी तिनं पिशवीत टाकली होती. "आज मी जाते."

मार्केटात भाव लागायची वेळ होती. अप्पांच्या दुकानात गादीवर चार-पाच अडते बसले होते, वीरभद्र तराजूपाशी होता. नीलम्मा उंबऱ्याशी चपला काढत असतानाच अप्पांनी तिला पाहिलं. किती वेळ त्या उंबऱ्याकडंच बघत बसले होते कोण जाणे.

"गप्प बसा जरा," ते अडत्यांना म्हणाले. "डॉक्टरीणबाई आल्यात."

आणि सगळ्या मार्केटासमोर त्यांनी सदऱ्याची बटणं काढली. नीलम्मानं नळी लावली. पुढून ऐकलं, पाठीवरून ऐकलं. भावासाठी ओरडणारी माणसंसुद्धा तेवढ्यापुरती गप्प झाली.

"धान्याच्या धुळीनं छाती भरलीय," ती म्हणाली. "आधीच यायला हवं होतं. औषध खूप महिने घ्यावं लागेल. आणि मध्येमध्ये मला छाती तपासायला लागेल."

"म्हंजी दसऱ्यानंतर बी यावं लागणार."

"यावं लागणार."

अप्पा बटणं लावत होते. मान वर न करता म्हणाले, "वीरभद्रा, मागांना दुसरी जागा बघ. ह्या वयात मी दवाखाना हुडकत कुठं फिरू?"

वीरभद्र काहीतरी बोलणार होता. बहिणीकडं बघून तो पुन्हा तराजूकडं वळला.

गादीच्या टोकाला शरणप्पा बसले होते, अप्पांच्या वयाचे अडते. त्यांनी उपरणं तोंडाला धरून खोकून घेतलं आणि जरा संकोचत विचारलं, "बाई, ती बाटली कधी ठेवायची असते तुमच्याकडं?"

नीलम्मानं तोंड उघडायच्या आत अप्पाच बोलले.

"सकाळी. आणि दुसऱ्या कुणाच्या बाटलीला हात लावायचा न्हाई."