डावा तळहात

शर्टाचं शेवटचं बटण.

पन्नास ग्रॅमचं पितळी वजन. कडा झिजल्यानं खरं तर अठ्ठेचाळीस.

धारूरच्या वरच्या आळीत टँकर अकरा दिवस आला नाही.

दुकानाला पायऱ्या तीन. काही गिऱ्हाइकांनी दुसरीवर थांबून ओंजळ पुढे करायची. गूळ वरून पडायचा.

दूध संघाच्या दवाखान्यात चहा कोरा मिळायचा.

*

शर्टाच्या बटणापाशीच पारूबाईचं घोडं अडलं होतं.

केजला दूध संघाच्या ट्रस्टचा दवाखाना होता. २०१६च्या दुष्काळात गुरं चारा छावणीत गेली, संघाचं दूध आटलं, पण दवाखान्यातला कोर्स काही बंद पडला नाही. व्यवसायोपचार सहाय्यक. नाव ऐकून लोक विचारायचे, कसला व्यवसाय? पारूबाई सांगायची, रोजचाच. अंघोळ, जेवण, वेणी, चूल. दुखण्यानं जे हातून गेलं, ते ज्याचं त्याच्या हातात परत घालायचं.

पहिल्या परीक्षेला तिच्यासमोर बंकट नावाचा टेम्पोवाला होता, हात मोडलेला. त्यानं चार बटणं लावली. पाचव्याशी झटू लागला, बोटं घसरू लागली, आणि पारूबाईचा हात पुढे गेला. बटण लागलं, पारूबाई नापास. कोर्स शिकवणाऱ्या मॅडमनी नंतर समजावलं की सहाय्यकाला आधी हात आवरता आला पाहिजे. अडतीस वर्षं तिनं हात पुढे करण्यातच घालवली होती. सासूला उठवायला, फडात मोळी डोक्यावर चढवायला, शेजारणीचं लेकरू कडेवर घ्यायला. नेमकं तेच आता विसरायचं होतं. संधी दोनच. दुसरीही हुकली, तर दसऱ्यानंतर पुन्हा कोयता घेऊन ऊसतोडीला.

*

दुसऱ्या परीक्षेसाठी तिच्या वहीत नाव होतं मन्मथप्पांचं. धारूरचे किराणा दुकानदार, सत्तरी गाठलेले. लकव्यानं डावी बाजू गेली होती. वाचा शाबूत होती, जरा जास्तच. डाव्या हाताची मूठ वळलेली, उघडायला जावं तर आणखी आवळायची.

पारूबाईचं माहेर त्याच गावात, खालच्या आळीतल्या बौद्धांच्या वस्तीत. लहानपणी ती या दुकानातून गूळ आणायची. दुसऱ्या पायरीवरून. ते तिला आठवत होतं. आप्पांनाही आठवत असणार, कारण तिनं मनगट धरायला हात पुढे केला तसा त्यांनी खुंटीवरचा पंचा ओढून मनगटावर टाकला.

तिनं पंच्यावरून हात धरला. कपाळावर आठी पडू दिली नाही. पण पंधरा दिवस झाले तरी मूठ उघडेना. "आप्पा, पंच्यातून मला नस कळत न्हाई," ती एकदाच म्हणाली. आप्पांनी पंचा सारखा केला.

मग टँकर बंद झाला. अकराव्या दिवशी मल्लम्मांनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, घामानं ताठ झालेला पंचा कोपऱ्यात भिरकावला. "प्यायला पाणी न्हाई," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुमचा पंचा काय थुंकीनं धुऊ?"

आप्पांनी हात मागं घेतला नाही. पारूबाईनं उघडं मनगट धरलं. अंगठ्याच्या मुळाशी एक शीर दोरीसारखी ताठ होती, ती तिला त्या दिवशी सापडली. आठवड्यात मूठ उघडली.

*

उघडलेल्या हाताला काम हवं. दवाखान्यातून आणलेल्या फळीत खुंट्या खोचायच्या होत्या. आप्पांनी फळी उजव्या हातानं परत सरकवली आणि हा खेळ अंगणवाडीत न्यायला सांगितलं. पेला धरायचा? मल्लम्मा पाजतात की. सदरा? मल्लम्मा घालतात.

मग हवंय काय या माणसाला?

ते पारूबाईला मल्लम्मांकडून कळलं. सकाळी इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय आप्पा अन्नाला शिवत नसत. आणि ही पूजा गळ्यातलं लिंग डब्बीतून काढून डाव्या तळहातावर घेऊन करायची. पाच महिने ते पाटावर ठेवून करत होते. पूजा झाल्यासारखी वाटत नव्हती. घास तोंडात फिरायचा.

पारूबाईच्या घरात देव नव्हते. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा ते नदीत सोडले होते, आणि तिला त्यांची उणीव कधी भासली नव्हती. पण मल्लम्मांनी स्वतःचा तळहात पुढे धरून दाखवला तेव्हा ती बघतच राहिली. तळवा आभाळाकडं, बोटं किंचित वळलेली, मनगट स्थिर. मॅडमनी फळ्यावर काढून दाखवलेला, लकव्याच्या माणसाला सगळ्यात अवघड जाणारा हात तो हाच.

आपल्या मनानं उपचार बदलायचा अधिकार सहाय्यकाला नसतो. ती जीपनं केजला गेली, मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी वहीतल्या खुंट्या खोडल्या आणि खाली लिहिलं: डाव्या तळहातावर इष्टलिंग, पाच मिनिटं.

सराव लिंगावर नव्हता. दुकानातलं पन्नास ग्रॅमचं वजन तळहातावर ठेवायचं. हात थरथरायचा, वजन ठणकन फरशीवर.

"उचला, आप्पा."

"मी कावून? तू कशाला हाईस मग?"

"बघायला."

"बघायचा पगार मिळतो का?"

"पास झाल्यावर मिळंल."

आप्पा हसले. मग वाकून, शिव्या पुटपुटत, दोन मिनिटं खर्चून त्यांनी वजन उचललं. पारूबाईनं तोवर आपले हात पाठीमागं नेऊन एकानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. पुढचे दोन महिने ती तशीच उभी राहिली. शंभर ग्रॅम झालं. वजनं पडायची थांबली.

*

मे महिन्यात नागपूरहून परीक्षक बाई आल्या. वहीत लिहिलेलं काम पेशंटनं त्यांच्यासमोर करून दाखवायचं, सहाय्यकानं फक्त तोंडानं सांगायचं.

आप्पांनी दीड तांब्यात अंघोळ उरकली. भस्म लावलं, मांडी घातली. वजन वेगळं आणि हे वेगळं. हे हातून पडणं म्हणजे आयुष्याला डाग, असं ज्याला लहानपणापासून सांगितलेलं, त्या माणसानं चांदीची डब्बी उघडली आणि इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं.

हात थरथरू लागला. वजनाच्या वेळी कधी थरथरला नव्हता इतका. तळवा एका बाजूला कलला.

"पारू," आप्पा म्हणाले. आवाज फाटला होता. "खालून हात लाव."

मल्लम्मांच्या डोळ्यांत पाणी आलं. "लाव की गं. ते सोता म्हणायलेत."

परीक्षक बाईंचा पेन थांबला.

पारूबाईचे हात पाठीमागं होते. नखं मनगटात रुतली होती. तिचा आवाज मात्र जात्यावर बसलेल्या बाईसारखा संथ निघाला. "न्हाई, आप्पा. कोपर मांडीला टेकवा. घाई न्हाई. टेकलं? आता सोडा श्वास."

कोपर टेकलं. थरथर मनगटापाशी आली, बोटांत गेली, विरली. लिंग तळव्याच्या खोलगटात बसलं. आप्पांनी पळीभर पाणी वाहिलं, बेलाचं पान ठेवलं आणि नजर लावली. घड्याळाकडं फक्त परीक्षक बाई बघत होत्या.

लिंग डब्बीत परत गेल्यावर परीक्षक बाईंनी एकच प्रश्न विचारला. पडलं असतं तर?

पारूबाईनं आप्पांच्या मांडीकडं बोट केलं. सोवळ्याखाली घोंगडीची चौपदरी घडी होती, पाटापर्यंत पसरलेली. ती तिनं अंघोळीआधीच मल्लम्मांकडून घालून घेतली होती.

बाईंनी लिहिलं. मग सही केली, तिथंच, दुसऱ्या संधीच्या रकान्यात. आप्पांनी मान वळवून विचारलं, झाली का पास? झाली म्हटल्यावर नागपूरच्या बाईंना म्हणाले, "लई टणक बाई हाय ही. माझ्या बापानं सांगून ऐकली नसती." आणि मल्लम्मांना ताट वाढायला सांगितलं. दोन, एक पारूचं.

परीक्षेआधी, जानेवारीत केजला पेशंट वाटले होते तेव्हा यादीत चार नावं होती. मन्मथप्पांचं नाव पारूबाईनं स्वतः मागून घेतलं होतं.