खळ्यातले बूट

माहीमच्या वत्सलाबाईंना शाल पांघरली तेव्हा हॉलमधले पंखे बंद होते, कारण समई विझून चालणार नव्हतं. हे माहीम पालघरचं, मुंबईचं नव्हे. मुंबईच्या माहीमकरांना शाली पांघरायला बोईसरला कोण बोलावतो? शाल अंगावर, नारळ मांडीवर आणि फुलांचा गुच्छ कुठं ठेवायचा ते न कळल्यामुळे काखेत, अशा थाटात त्या किनारा कला केंद्राच्या व्यासपीठावर बसल्या होत्या. नवरीलासुद्धा एवढं सामान एकदम सांभाळावं लागत नाही.

केंद्र म्हणजे टाइल्सच्या दुकानावरचा हॉल. कमलाकांत सर शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी इथं एक कलात्मक सिनेमा दाखवत आणि मग त्यावर चर्चा घडवून आणत. सिनेमाला बारा माणसं येत, चर्चेला सात उरत आणि त्या सातांतली पाच बोलणारी असत. आज मात्र पन्नास खुर्च्या भरल्या होत्या. माहितीपट इथल्याच किनाऱ्यावरचा होता, चार परदेशी महोत्सवांत मिरवून आलेला होता आणि त्यातली बाई साक्षात समोर बसली होती. नाव होतं ‘खाऱ्या मौनाचा किनारा’.

वत्सलाबाई शालीसाठी आल्या नव्हत्या. त्या नवऱ्याचा आवाज ऐकायला आल्या होत्या.

नरहरी जाऊन चौदा महिने झाले होते. घरात त्यांचे फोटो ढीगभर, आवाज मात्र कुठंच नाही. फोन बटणांचा, त्यावरही बोलणं ‘हां, बोल, ठेव’ एवढंच. मुलाच्या लग्नाच्या व्हिडिओत त्यांचे ओठ हलताना दिसत, पण ऐकू येई तो बँड. हल्ली हल्ली वत्सलाबाईंना त्यांचे शब्द आठवत, पण ते स्वतःच्याच आवाजात. डोळे मिटून कितीही प्रयत्न केला तरी तो खरखरीत आवाज काही कानाशी येईना. याची त्यांना मनापासून भीती वाटत होती. फोटो पुसट झाला तर दुसरी प्रत काढता येते, आवाजाचं काय करायचं?

पण तीन वर्षांपूर्वी दर्पण नावाचा दिग्दर्शक त्यांच्या खळ्यात, म्हणजे मासळी सुकवायच्या अंगणात, आठ दिवस कॅमेरा लावून बसला होता. तेव्हा नरहरी भरपूर बोलले होते. ते सगळं या सिनेमात असणार, एवढ्या आशेवर त्या सुनेला, मेघालीला घेऊन इथवर आल्या होत्या.

प्रास्ताविक झालं, परिचय झाला, प्रास्ताविकात राहून गेलेलं सांगून झालं. मग दर्पणसकट व्यासपीठावरच्या सगळ्यांना पहिल्या रांगेत बसवून एकदाचे दिवे मालवले.

पडद्यावर बोंबील सुकत होते. बराच वेळ सुकत होते. घरी पण एवढा वेळ लागत नाही, असं वत्सलाबाईंच्या मनात आलं. आणि मग नरहरी आले. उघडे, कमरेला रुमाल, हात उगारलेला, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. वत्सलाबाईंनी नारळ घट्ट धरला. नरहरींनी तोंड उघडलं आणि हॉलभर आवाज घुमला, “सागर हा आमचा पिता. तो देतो, तोच नेतो. आम्ही केवळ त्याच्या मौनाचे वारस.”

आवाज भारदस्त होता, साजूक तुपात घोळवलेला.

“ह्यो कोन बोलतो?” वत्सलाबाईंनी मेघालीला विचारलं.

“दुसऱ्याचा आवाज लावलाय, आई.”

त्यानंतर नरहरी आणखी दोनदा आले आणि दोन्ही वेळा तोच तुपातला माणूस त्यांच्या तोंडातून बोलून गेला. सिनेमा संपला. टाळ्या झाल्या. वत्सलाबाईंच्या हाताला नारळाच्या शेंडीचे वळ उठले होते.

चर्चेला प्राध्यापक शैलेश यांनी तोंड फोडलं. त्या उगारलेल्या हातावर ते बारा मिनिटं बोलले. तो हात म्हणजे माणसाने अनंताला घातलेली साद होती, असं त्यांचं म्हणणं पडलं. कुणीतरी ‘पिता’ या शब्दाला हरकत घेतली, कुणी त्या हरकतीला. साडेसातला हॉल झुंबाच्या वर्गाला द्यायचा होता, तेव्हा कमलाकांत सरांनी घड्याळ बघत माइक वत्सलाबाईंच्या हाती दिला. “ताई, दोन शब्द. दोनच.”

वत्सलाबाई उभ्या राहिल्या. “आमचे हे असं बोललेच नाय,” त्या म्हणाल्या. “खळ्यात चपला, बूट घालून कोन येत नाय आमच्यात, सरपंच आला तरी भायेर काडतो. खाली बारीक जवळा सुकायला पसरलेला असतो, तो लोकांच्या पोटात जातो. ह्यो दर्पण बूट घालून जवळ्यावर उभा रायला. म्हनून ह्यांनी हात उगारला. सागराला नाय, ह्याला.”

हॉल हसला, प्रेमानेच हसला. प्राध्यापक म्हणाले, स्मृती ही अशीच आपल्या परीने घटना रचत असते. सर म्हणाले, फारच हृद्य, आता आभारप्रदर्शन.

पण वत्सलाबाई माइक सोडेनात. “तुमचं हात, मौन सगळं ऱ्हाऊ द्या. त्यांचा आवाज कुठं टाकलात? तो ऐकल्याबिगर मी इथून उठनार नाय.”

दर्पणचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता. परदेशात ही बोली कळली नसती, वारा फार होता, म्हणून आवाज बदलला, असं त्याने सांगून पाहिलं. मग स्वतःचंच स्पष्टीकरण अर्धवट सोडून त्याने पिशवीतून लॅपटॉप काढला. मूळ चित्रीकरण त्याच्याकडे होतं. तीन वर्षांत ते कुणी मागितलं नव्हतं. दारात झुंबाच्या बायका येऊन थांबल्या होत्या. आभार मानणाऱ्यांच्या हातातला कागद तसाच राहिला.

पडद्यावर पुन्हा तेच नरहरी, तोच हात. आधी वारा ऐकू आला, मग कावळे. आणि मग खरखरीत, घसा फाटलेला, खारा आवाज.

“ए दाडीवाल्या, बूट काड आदी! काड म्हनतो ना! देवलात जातो का असा?”

कुणी हसलं नाही. दर्पणने खुर्चीखाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. ते का केलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. वत्सलाबाईंच्या चपला तर केव्हाच पायांतून सुटल्या होत्या.

पडद्यावरचे नरहरी कॅमेऱ्याच्या बाजूला वळले. तिथं त्या दिवशी वत्सलाबाई सूप घेऊन उभ्या होत्या.

“आन तू काय बगत रायलीस गो? तुला सांगता येत नाय त्याला?”

चित्र तिथंच थांबलं. शिव्या खाऊन घाबरलेल्या दर्पणने त्या दिवशी कॅमेरा तिथंच बंद केला होता.

वत्सलाबाईंच्या हातातला माइक मात्र चालू होता.

“सांगितलं ना आता त्याला,” त्या म्हणाल्या. “ओरडू नका.”