हरणाबाईचा राग

पलूसच्या शाळेत चित्रकला शिकवायला विष्णुपंत मास्तर होते. मूळचे सांगलीचे. बोलणं असं मऊ की मागच्या बाकापर्यंत पोचायच्या आत विरघळून जायचं. लढाईचे दिवस होते, रंगाच्या वड्या मिळत नव्हत्या. पण नाताळात मास्तर मुंबईला जाऊन नव्या चालीच्या चित्रांचं प्रदर्शन बघून आले आणि दुसरेच होऊन आले.

"घागर, पेरू, पुस्तकावरचा तांब्या, सगळं आजपासून बंद," त्यांनी वर्गात सांगितलं. मुंबईची नवी मंडळी म्हणे डोळ्याला दिसतं ते काढतच नाहीत, आत वाजतं ते काढतात. गाय निळी काढतात. एखाद्या बाईला दोन नाकं काढतात, आणि ती बाईला शोभतात.

मग त्यांनी टेबलावर फोनो ठेवला, चावी दिली आणि एका नव्या गाणारणीची तबकडी लावली.

"हा मारवा. नीट ऐका. आणि जसा राग ऐकू येईल तसा कागदावर उतरवा."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. राग सगळ्यांच्याच घरी होता. पण विजयमालाच्या घरी होता तेवढा कुणाच्याच घरी नव्हता.

तिची आई हरणाबाई. बाप लालासाहेब पलटणीत, दूर कुठंतरी समुद्रापल्याड. त्यांच्या रानाच्या बांधाला लागून चुलता नानासो याचं रान. दर चैत्रात नानासोचा नांगर हळूच बांधाकडं सरकायचा, आणि दर चैत्रात हरणाबाई पदर खोचून बांधावर उभी राहायची. तिचा पहिला शब्द सुटला की नानासोच्या आधी त्याचे बैल मागं वळायचे. त्या रानाला दुसरं कुंपण नव्हतं. तो रागच कुंपण.

फोनो गात राहिला आणि विजयमाला आईला काढत राहिली. तोंड पेटल्या चुलीसारखं. हात म्हणजे दोन विळे. पदर असा उडालेला की घारीला धडकावा. नाकं दोन, एक नानासोच्या रानाकडं वळलेलं आणि एक आभाळाकडं. तांबडा रंग नव्हता म्हणून भिंतीची काव फासली. शेवटचा सूर सरला आणि हातातला कुंचला आपसूक थांबला.

मास्तरांनी कागद हातात घेतला.

"अगं, मला गाण्यातला राग म्हणायचा होता," ते हळूच म्हणाले. "पण असू दे. हे सांगलीच्या प्रदर्शनाला पाठवू."

संध्याकाळी विजयमाला घरी आली तर म्हशीनं लाथ मारून दुधाची चरवी लवंडलेली. ती पटकन दाराआड झाली. पण आईनं म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवला आणि म्हणाली, "दमलीस व्हय गं माझे बाय?"

विजयमाला दाराआडनं वाकून बघत राहिली. सकाळी जात्याचा आवाज आला तशी ती कान देऊन बसली. आईची नेहमीची ओवी तिला पाठ होती:

*दीर माझा गं शेजारी, त्याचा नांगर वाकडा*
*बांध खाऊन माजला, जसा देवाचा बोकडा*

आज जात्यातनं आलं ते असं:

*दीर माझा गं शेजारी, त्याचा नांगर सोन्याचा*
*बांध खाईतो गोडीनं, जसा घास लोण्याचा*

दोन दिवसांनी नानासो चाचपायला आला. बांधापल्याडनंच म्हणाला, "वैनी, ह्यो बांध जरा माज्या रानात येतोय गड्या."

"येत आसंल भावजी. तुमी कापा की."

त्या दिवशी नानासोनं नांगर धरला, पण नांगराचं एकेक तास ओढताना मागं वळून बघत होता. एवढं गोड बोलणं त्याला सोसलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यानं वळून बघायचं सोडलं. आठवड्यात बांध लुगड्याच्या काठाएवढा उरला.

"आये, तू चिडत का न्हाईस?"

"चिडले आस्ते गं. पन काय करू, हितं कायबी न्हाई." चंचीत सुपारी शोधावी तसा हरणाबाईनं छातीवर हात फिरवला. "लय हलकं वाटतंय."

विजयमालानं तिला ओढतच शाळेत नेलं. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं.

"राग चित्रात गेला असेल," ते म्हणाले. "नव्या चित्रकलेत होत असावं असं. हरणाबाई, तुम्हाला समोर उभं राहून बघावं लागेल ते. आपलंच आहे म्हटल्यावर ओळखीनं परत येईल."

तिघं सांगलीच्या मोटारीत बसली. म्हणजे दोघं बसली. पेट्रोल नसल्यानं मोटार कोळशाच्या धुरावर चालायची, आणि चढ आला की लोक उतरून ढकलायचे. हरणाबाई प्रत्येक चढाला उतरली आणि प्रत्येक चढानंतर आपली जागा कुणालातरी देऊन उभी राहिली. एकानं तिच्या पायावर ट्रंक ठेवली. "असू द्या," ती म्हणाली, "तिला तरी कुटं जागा हाय."

सांगलीत प्रदर्शनाच्या दिवाणखान्यातला कलकलाट रस्त्यापर्यंत येत होता. आत चित्रासमोर दोन वकील एकाच छत्रीला धरून उभे होते.

"तुमची छत्री माझ्या हद्दीत आली आहे."

"फरशीवर कसली हो हद्द?"

"या दोन फरश्यांमधली रेघ आमच्या आजोबांपासून इथंच आहे. तुम्ही ती रात्रीची सरकवलीत."

पलीकडं शालू नेसलेली एक बाई खडूनं स्वतःभोवती चौकोन आखत होती. परीक्षक आपली खुर्ची मोजून घेत होते. जो चित्र बघे त्याला कुणीतरी आपला बांध खाल्लाय असं वाटायला लागे. शब्द शहरी होते, पण विजयमालानं आवाजातली धार ओळखली. ती आईची होती.

बघायला रांग होती. हरणाबाई रांगेत उभी राहिली, आणि मागून येईल त्याला म्हणत राहिली, "आदी तुमी बघा, पावनं." त्यामुळं ती दर घटकेला मागं सरकत चित्रापासून लांब, बाहेरच्या दाराच्या जवळ येत गेली. शेवटी प्रदर्शनाच्या चालकांनी वैतागून चित्रावर चादर टाकली.

"ते आमचं हाय. आमाला द्या," विजयमाला त्यांना म्हणाली.

"त्याला पहिलं बक्षीस आहे, मुली. आता ते सांगलीतच राहणार."

"ठेवा की," हरणाबाई मागून म्हणाली. "तुमास्नी आवडलंय तर ठेवा."

विजयमालाला रडूच फुटलं. आपला राग परत मागायचा तर अंगात थोडा तरी राग लागतो, आणि आईकडं तेवढाही शिल्लक नव्हता. बांध तिकडं संपत आला होता. पोरगी रडतेय हे बघून मास्तर गडबडले, आणि काय करावं ते न सुचून चादर नीटनेटकी करायला गेले. करता करता त्यांनी आत डोकावलं. वर्गात बघितलं होतं तेव्हा काव ओली होती; आता ती वाळून राग चांगला मुरला होता.

"मागं व्हा," मास्तर म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज भिंतीला आपटून परत आला. "हे चित्र माझ्या वर्गाच्या हद्दीतलं आहे. एक बोटभर पुढं आलात तर हात कलम करीन."

चालक भिंतीला लागले. मास्तर चादरीसकट चित्र काखेत मारून बाहेर आले. चार दुकानं मागं पडली तसे शांत झाले आणि वाटेत भेटेल त्याची माफी मागायला लागले.

पलूसला मोटार थांबली ती रानाजवळच. नानासोचा नांगर चालू होता. बांध दिसत नव्हता, नुसती आठवण दिसत होती.

"काय आनलंस वैनी सांगलीस्नं?" नानासो बैल थांबवून आला. "दाव की."

"आये, आदी तू बघ," विजयमाला म्हणेपर्यंत हरणाबाईनं मास्तरांच्या काखेतलं चित्र त्याच्या हातात दिलंही होतं. दीर मागतोय, नाही कसं म्हणावं.

नानासोनं चादर काढली. बघितलं. त्याच्या मानेच्या शिरा टरटरून आल्या.

"कुनी खाल्ला रं ह्यो बांध?" तो आपल्याच बैलांवर ओरडला. मग इकडंतिकडं बघितलं, तर रानात मास्तरांशिवाय दुसरा कुणी पुरुष नव्हता. "तूच ना रं नान्या? भाऊ लढाईवर, आन् तू त्याच्या बायकूचं रान खातूस? लाज हाय का रं तुला?"

"न्हाई," असं त्यानं स्वतःच उत्तर दिलं, आणि स्वतःच्या मुस्काटात मारून घेतली. मग चित्र बाभळीला टेकवून खोरं उचललं. ढेकळामागून ढेकूळ मधी पडायला लागलं. मधूनच तो थांबायचा, स्वतःला दोन शिव्या घालायचा आणि दुप्पट जोरानं ओढायला लागायचा.

"राहू द्या भावजी, दमला असाल," हरणाबाई म्हणत होती. "न्हाई तरी मी त्येचं काय करनार?"

"तुमी गप ऱ्हावा वैनी. ह्या मानसाची मला चांगली वळख हाय."

ऊन कलेपर्यंत बांध गुडघ्याएवढा झाला, पूर्वीच्या जागी. हरणाबाई दिराला पाणी द्यायला निघाली, आणि तांब्या घेऊन बाभळीपुढनं जाताना थबकली.

बराच वेळ ती बघत राहिली. आधी नाकं बघितली, मग विळे, मग पदर. तांब्या खाली ठेवला. पदर खोचला.

तिकडं नानासोच्या हातातलं खोरं निसटलं. आपण इथं काय करतोय ते त्याला कळेना. समोर नवाकोरा बांध होता, हात मातीनं माखले होते. बांधाला पाय लावावा म्हणून त्यानं उचललाही, पण तेवढ्यात हरणाबाई बोलली.

"दोन नाकं? तुज्या आईला दोन नाकं काढलीस गं, भवाने? आन् माज्या इरकली लुगड्याला काव फासलीस?"

बाभळीवरचे कावळे उडाले. नानासोनं उचललेला पाय तसाच मागं घेतला. मास्तर शाळेकडं चालायला लागले. आणि विजयमाला हसत, रडत, बांधावरनं पळत सुटली; मागून आई येत होती, शिव्या एकीमागं एक, जशा पाटाला पाणी सुटावं.