भावोजींचा डावा हात

माझे भावोजी देशाच्या रग्बी संघात प्रॉप होते आणि मी त्याच संघात हुकर. हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्क्रममध्ये दोन्हीकडची आठ-आठ माणसं डोकी एकमेकांत अडकवून समोरासमोर रेटतात. पहिल्या ओळीत तिघं, मधला हुकर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना प्रॉप. पुढून-मागून येणारा सगळा जोर प्रॉपच्या मानेतून जातो. बाकीचे चेंडू घेऊन पळतात आणि पेपरात फोटो त्यांचे येतात.

भावोजींना सगळे 'कपाट' म्हणायचे. तरुणपणी ते घरसामान हलवणाऱ्यांकडे कामाला होते. एका इमारतीची लिफ्ट बंद पडलेली, तर या बाबाने लोखंडी कपाट एकट्याने पाठीवर घेऊन जिन्याने वर नेलं. घर नेमकं एका प्रशिक्षकाचं निघालं. कपाट कुठे ठेवायचं हे सांगायच्या आधीच त्याने विचारलं, "रग्बी खेळतोस का?" पुढे माझ्या ताईशी लग्न ठरलं तेव्हा आमच्या आईला एकच काळजी होती, हा जावई स्वयंपाकघराच्या दारातून आत येईल का. तिरका होऊन आला.

मैदानावर ते शिवीगाळ करत नसत. स्क्रममध्ये वाकायच्या आधी समोरच्या प्रॉपला आपुलकीने विचारत, "जेवलास का?" आणि मग त्याची घडी घालत. त्यांच्यापुढे वर्षानुवर्षं उभा राहिलेला एक प्रॉप मला म्हणाला होता, शिवी परवडली, ही चौकशी नको.

पहिल्या ओळीत एक रीत आहे. मानेला काही झालं की 'मान!' असं ओरडायचं. ते ऐकलं की दोन्हीकडचे सगळे रेटणं थांबवतात, मग वैर कितीही असो. पंचाची शिट्टी नंतर वाजते. पण ओरडायचं ते ज्याची मान त्यानेच. दुसऱ्याच्या वतीने ओरडणं म्हणजे त्याला चारचौघांत दुबळा ठरवणं. भावोजी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. वर टीव्हीवर म्हणाले, "मानेची काळजी असेल त्याने कॅरम खेळावा." लोक या वाक्यावर फिदा. मला तेव्हाही तो शुद्ध मूर्खपणा वाटला होता, पण तसं तोंडावर म्हणायची माझी छाती नव्हती.

अंतिम सामन्याच्या आधी ताईने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"ह्यांच्या डाव्या हातातून वस्तू निसटतात. परवा दुधाचं पातेलं पडलं. विचारलं तर म्हणे, पातेलं तुपकट होतं."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं. मानेत नस दाबली जातेय. आणखी जोर बसला तर हातपाय कायमचे जातील म्हणाले. आणि हे म्हणतात, एवढा एकच सामना. संघातल्या कुणाला सांगितलंस तर याद राख, असा दमही भरलाय."

"मग मला कशाला सांगतेस?"

"तू संघातला नाहीस, माझा भाऊ आहेस," ताई म्हणाली. "ते कुणाचं ऐकणार नाहीत. पण त्यांचा हात तुझ्या अंगावर असतो ना? तो सुटतोय असं वाटलं तर..."

आणि ती ओटा पुसू लागली.

ती म्हणाली ते खरं होतं. स्क्रममध्ये भावोजींचा डावा हात माझ्या पाठीवरून येऊन बगलेखाली जर्सी धरायचा, आणि ती पकड अशी की आंघोळीच्या वेळी बरगडीवर बोटं मोजता यायची.

सामना संपत आला तेव्हा आम्ही थोडक्याने मागे होतो. स्क्रम समोरच्यांच्या गोलरेषेला लागून. आमचा राखीव प्रॉप गुडघा धरून आधीच बाहेर गेलेला. आता भावोजीही गेले तर नियमाने स्क्रम नावापुरता, रेटायचंच नाही. आणि आमच्याकडे रेटण्याखेरीज होतं काय! आम्ही पुढे सरकत होतो. समोरच्यांचे पाय घसरत होते. जिंकल्यातच जमा होतं.

तेवढ्यात बगलेखालची पकड सैल झाली. आधी करंगळी, मग एकेक बोट. मी वाट पाहिली. फार नाही, एका श्वासापुरती. भावोजींकडून काहीच आलं नाही. मग मीच ओरडलो, "मान! मान!"

सगळे थांबले. वर्षानुवर्षं घडी घालून घेतलेल्या त्या समोरच्या प्रॉपने भावोजींना खांद्यावर तोलून हळूच खाली टेकवलं.

"मान कोणाची?" पंचाने विचारलं.

मी भावोजींकडे बोट केलं.

सामना हरलो. पेपरवाल्यांनी मेहुण्याने कपाट पाडलं असं छापलं. भावोजींचं ऑपरेशन झालं. आणखी एक रेटा बसता तर माणूस अंथरुणालाच खिळला असता, असं सर्जन म्हणाले. भावोजी हिंडूफिरू लागले, हातही बराचसा परत आला. माझ्याशी मात्र अबोला. मी घरी गेलो की ते उठून आतल्या खोलीत जायचे. मलाही राग होता. माझ्यामुळे स्वतःच्या पायांवर चालतात आणि चालत कुठे जातात, तर माझ्यापासून लांब!

एके दिवशी मी सरळ आतल्या खोलीत घुसलो. ते पलंगावर बसून रबरी चेंडू दाबत होते.

"भावोजी, शिव्या द्यायच्या तर देऊन टाका एकदाच."

त्यांनी चेंडू बाजूला ठेवला.

"शिव्या कशाच्या? तुझ्या आधी मीच ओरडत होतो," ते म्हणाले. "तोंड उघडलं होतं. मान, मान म्हणत होतो. आवाजच फुटला नाही."

मी मागचं दार लोटून घेतलं.

"हात गेला, पाय कळेनात. तू शेजारी होतास. म्हटलं, याला तरी कळू दे. आणि तू ओरडेचनास. तेवढ्यात जी भीती वाटली ना मला..." त्यांनी तोंड फिरवलं. "टीव्हीवर काय काय बोललोय मी. तुला तोंड कसं दाखवायचं?"

एवढा मोठा माणूस खांदे हलवत रडायला लागला. त्यांच्याजवळ बसावं, पाठीवर हात ठेवावा, की निघून जावं, मला काही सुचेना. शेवटी मी बाहेर गेलो आणि ताईला बोलावून आणलं.