विटकरी रंग

अंबूबाईनं काचेची नळी चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर नेली आणि नजर मात्र नवऱ्यावर ठेवली. नळीत चमचाभर निळं औषध होतं आणि त्यात नानासोंच्या लघवीचे आठ थेंब. औषध उकळलं, हिरवं झालं, पिवळं झालं आणि शेवटी भाजल्या विटेच्या रंगाचं होऊन बसलं.

“गूळ कुठं खाल्लासा?”

“कुणी खाल्ला? सा म्हैनं झालं, बोटाला लागू दिला न्हाई.”

“मग ह्यो रंग कशाचा?”

“औषधच नासलंय. बाटली कवाची हाय बग की.”

चोराच्या उलट्या बोंबा, अंबूबाई मनात म्हणाली. तालुक्याच्या डॉक्टरनं तिला बाजूला घेऊन बजावलं होतं: निळं राहिलं तर ठीक, विटकरी झालं तर साखर वाढली समजा, आणि अशीच वाढत राहिली तर एक दिवस डोळे जातील, नाहीतर पाय. त्या दिवसापासून तिनं पहारा बसवला. गुळाची ढेप कुलपात, किल्ली कमरेला. नानासो पलटणीत हवालदार होते, पण तिथल्या कुठल्या साहेबानंही त्यांच्यावर एवढी नजर ठेवली नसेल. ते गुऱ्हाळावरून आले की ती आधी मिशांचा वास घ्यायची. मुंग्यांची रांग दिसली की हातातलं काम टाकून तिच्या मागं जायची. हल्ली न्हाणीत तर मुंग्या रोजच्याच झाल्या होत्या आणि त्याचंही खापर नवऱ्यावर फुटायचं. मुलगा फौजेत, घरात दोघंच. नानासो तर लघवीला ओढ्याकडं जायचे. पण रागात एवढं कोण बघतं!

“औषध नासलंय म्हंतासा न्हवं?” ती उठली. “थांबा. आत्ता तुमचं खोटं उघडं पाडती.”

वाटी घेऊन ती न्हाणीत गेली आणि आली. दुसऱ्या नळीत त्याच बाटलीतलं औषध ओतलं, त्यात स्वतःचे आठ थेंब सोडले. तिला कसली भीती! बाळंतपणं सोडली तर ती कधी अंथरुणाला खिळली नव्हती. आपलं निळं राहणार आणि नवरा रंगेहाथ सापडणार, याची तिला खात्री होती.

औषध उकळलं. हिरवं झालं. पिवळं झालं. मग विटकरी.

मग नानासोंनी मांडीवर थाप मारली.

“आता बोल! तू कवा गूळ चोरलास?”

अंबूबाई ओशाळली, मग तिलाही हसू आलं. हसता हसता डोळे भरले.

“मेलं औषध! सा म्हैनं नुसता तुमच्यावर आळ घेतला मी. आज गुळाचा चा करती तुमाला.”

तिनं कुलूप काढलं, गुळाचा खडा फोडला, किल्ली परत कमरेला खोचली. मग उभ्यानंच तांब्याभर पाणी घटाघटा प्याली. पुन्हा तांब्या बुडवला आणि तोही प्याली.

नानासोंचं हसू तिथंच थांबलं. आपल्या नळीचा रंग खरा आहे, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? मग हिचा? आज सकाळपासून हिचा हा कितवा तांब्या? दिवाळीत हिच्या अंगठ्याला खुरपं लागलं होतं, त्याची चिंधी संक्रांत आली तरी सुटली नव्हती. त्यांनी आपली नळी धुतली, औषधाची बाटली आणि एक वाटी पिशवीत टाकली.

“मौलाकडं जाऊन आलो,” ते म्हणाले.

मौला त्यांचा शाळेपासूनचा सोबती. भांड्यांना कल्हई करायचा. साठीतही बैलासारखा धडधाकट, न्याहारीला गूळ-भाकरी खाणारा.

“मौला, जरा आडोशाला जा आन् ह्या वाटीत थोडी लघवी करून आण.”

“खुळा झालास व्हय रं?”

“आण म्हंतो न्हवं, गड्या.”

मित्राचा आवाज ऐकून मौला मुकाट्यानं उठला. नानासोंनी आठ थेंब मोजून नळी भट्टीच्या निखाऱ्यांवर धरली. औषध उकळलं, बुडबुडे आले. निळंच राहिलं. ते तसेच धरून बसले. बदल की, बाई, बदल, औषधच नासकं ठरू दे, असं मनात म्हणत राहिले. दोन लढायांत त्यांनी कधी एवढ्या विनवण्या केल्या नव्हत्या.

“काय झालं? माजं चांगलं न्हाई का?” मौलानं विचारलं.

“तुजं लय झ्याक हाय,” नानासो म्हणाले आणि उठले.

घरी दोन कपांत चहा तयार होता. नानासोंनी तो घेतला नाही. ट्रंक उघडली, तळाचा जुना फौजी बूट काढला आणि अंबूबाईच्या पुढ्यात उपडा केला. कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा जमिनीवर पडला.

“मी खातोय. दिवाळीपासनं.”

अंबूबाई उसळली. “वाटलंच हुतं मला! वर मलाच येडी ठरवलंसा! म्हणं औषध नासलंय! कुठं नासलंय औषध? चांगलं हाय की! रोज खरंच सांगत हुतं ते, आन् मी…”

ती थांबली. चुलीपलीकडं तिची नळी अजून तशीच उभी होती. तिनं नळीकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. ते मान खाली घालून बसले होते.

“मौलाचं निळं ऱ्हायलं,” ते हळूच म्हणाले.

नानासोंनी दोन्ही कप उचलले, न्हाणीत ओतले आणि चुलीवर नवं आधण ठेवलं.

“बिनगुळाचा चा पयल्यांदा लय वंगाळ लागतो,” ते म्हणाले. “आठ दिसांत सवय हुती.”

अंबूबाईनं कमरेची किल्ली काढली आणि तळहातावर ठेवली.

“आन् ही आता कुणाकडं ऱ्हायाची?”