न उघडणारा पंप

कारखान्याची एक रीत होती. नवा पंप तयार झाला की तो पाण्यावर नाही, दुधावर चालवून बघायचा. वहिनींच्या यजमानांनी ती घालून दिली होती. पाणी कसंही वाहतं, दूध मात्र फेसाळतं, चिकटतं, रुसतं, असं ते म्हणायचे. चाचणी झाली की पंपाचे जोड उघडून आतून स्वच्छ धुवायचे आणि त्या दुधाचा चहा सगळ्यांनी मिळून प्यायचा. यजमान गेले, कारखाना वहिनींच्या आणि धाकट्या दिरांच्या, म्हणजे भाऊजींच्या अंगावर पडला. पण रीत टिकली.

कुठल्या कुठल्या देशांतले डेअरीवाले ही चाचणी बघून गेले होते. त्यांची बोली वेगळी, पेहराव वेगळा, पण न राहवून प्रत्येक जण दुधात बोट बुडवायचाच. कुणी चाटून बघायचा, कुणी फेस बघून तोंड वाकडं करायचा. आजच्या पाहुण्याने मात्र दुधाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने पांढराशुभ्र रुमाल काढला, पंपाच्या जोडांखालून फिरवला, उजेडात धरून निरखला आणि समाधानाने घडी घालून खिशात ठेवला.

वहिनींच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

"सुंदर! थेंबसुद्धा बाहेर नाही," पाहुणा म्हणाला. बोलणं असं की कामगारांनी आल्या दिवशीच त्याचं नाव साखरतोंड्या ठेवून टाकलं होतं.

वहिनींनी वाकून पाहिलं. जोडांवर नेहमीचे क्लॅम्प नव्हतेच. सगळीकडून वेल्डिंग मारून पंप कायमचा बंद केलेला.

"मिस्त्री, हा धुवायला उघडायचा कसा?"

"उघडायचाच नाही म्हणे." मिस्त्रींनी भाऊजींकडे चोरून बघितलं. "धाकट्या साहेबांनी तसं सांगितलं. मी आपला हुकमाचा ताबेदार."

चहा आला. पाहुण्याने दूध नको म्हणून हाताने खूण केली.

केबिनमध्ये आल्यावर वहिनींनी दार लोटून घेतलं.

"भाऊजी, मला न विचारता जोड बंद केलेत?"

"गिऱ्हाइकानं मागितलं, दिलं. त्यात विचारायचं काय?"

"दूधवाला माणूस बंद पंप मागतो? काळा चहा पितो?"

"अहो वहिनी, काळा चहा पिणारा प्रत्येक जण चोर असेल, तर माझे सासरे पहिले आत जातील!"

एरवी वहिनी हसल्या असत्या. आज त्यांची नजर टेबलावरच्या हमीपत्रावर होती. माल उतरणार एका देशात, डेअरी दुसऱ्या देशात आणि विकत घेणारी कंपनी नोंदवलेली तिसऱ्याच देशात. हे पंप दुधासाठीच जाणार, दुसऱ्या कुणाच्या हाती पडणार नाहीत, अशी हमी कारखान्याच्या मालकांपैकी एकाने द्यायची होती. नुसत्या दुधाच्या पंपासाठी एवढं कुणी विचारत नसे. पण थेंबही बाहेर न सोडणारा पंप विषारी रसायनांनाही चालतो, म्हणून सरकारचा त्यावर डोळा असतो.

वकीलबाईंनी फोनवर आडपडदा ठेवला नव्हता. "हमी खोटी निघाली तर कारखान्याला टाळं लागेल ते वेगळंच, सही करणाऱ्याला तुरुंग. आणि 'मला माहीत नव्हतं' हे तिथे चालत नाही हं. शंका आली होती तर विचारलं का नाही, असं उलट तुम्हालाच विचारतील."

"उद्या सकाळी सही करून टाका," भाऊजी म्हणाले. "जहाज काही आपल्यासाठी थांबून राहणार नाही."

"मीच का?"

"दादाच्या मागे तुम्हीच मोठ्या. मान तुमचा."

मानाची आठवण भाऊजींना सहसा होत नसे. वर्षाची सभा असो की नव्या यंत्राचं उद्घाटन, मधली खुर्ची ते आधीच धरून बसत. हा मान वहिनींनी मनात नीट बाजूला काढून ठेवला.

मिस्त्रींनी पंपातून गरम पाणी सोडून सोडून पाहिलं, पण आतल्या कानाकोपऱ्यातलं दूध निघेना. दिवस उकाड्याचे. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी कारखान्यात शिरल्या, तेव्हा पंपाच्या उघड्या तोंडातून निघालेला नासक्या दुधाचा आंबूस दर्प फाटकापर्यंत आला होता. कामगार नाकाला फडकी बांधून मिस्त्रींची फिरकी घेत होते. "मिस्त्री, दही लावलंत की काय?"

मिस्त्री पंप उचलून मागे ठेवायला निघाले. वहिनींनी त्यांना थांबवलं.

"असू दे तिथेच. पाहुणे येऊन जाऊ देत."

पाहुणा आला. पंपाशी पोचला आणि त्याने तोच पांढरा रुमाल नाकाला लावला.

"इथे वास कसला येतोय हो?"

भाऊजी घाईने पुढे झाले, पण वहिनींनी त्यांना बोलूच दिलं नाही. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तुम्हाला कसला वाटतो?"

पाहुण्याने अंदाज घेत इकडेतिकडे पाहिलं. "यंत्राचं तेल जळलं असेल. किंवा रंगबिंग?"

मिस्त्रींच्या हातातला पाना खणकन खाली पडला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"असेल," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही बाहेरच्या खोलीत बसा. आम्ही आलोच."

केबिनमध्ये भाऊजींनी बसायच्या आधीच सुरुवात केली. "तो खरेदीचा माणूस आहे, वहिनी. डेअरीत थोडाच राबतो! त्याला काय कळतंय वासातलं?"

"नासलेलं दूध ओळखायला डेअरीत राबावं लागत नाही. घरात राहिलं तरी पुरतं."

"म्हणजे एका वासावरून एवढं गिऱ्हाईक घालवायचं? दादा असता तर..."

"ते असते, तर त्यांनी बोट बुडवलं असतं." वहिनी खुर्चीत बसल्या. त्यांनी हमीपत्र उचललं, फिरवून भाऊजींच्या बाजूला सरकवलं आणि वर पेन ठेवलं. "तुमची खात्री आहे ना? मग तुम्हीच करा. सही तुमचीही चालते."

"माझी?" भाऊजी पटकन म्हणाले. फारच पटकन. "माझी कशाला?"

"मालक तुम्हीही आहात."

बाहेर कुठेतरी ग्राइंडर सुरू झाला आणि बंद पडला. भाऊजींनी टेबलावरचा पेपरवेट उचलला, या हातातून त्या हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला. हात पेनापर्यंत काही गेला नाही. लग्न होऊन वहिनी या घरात आल्या, तेव्हा हेच भाऊजी आंबट कैरी खाऊन त्यांच्या पदराला हात पुसायचे, आणि आईने विचारलं की असेच खाली बघत बसायचे.

वहिनींनी पेनाला टोपण लावलं.

"मिस्त्रींना सांगा, तो पंप कापून उघडा. आधी वास जाऊ दे. पाहुण्यांना मी सांगते, आमच्याकडून होणार नाही म्हणून. वकीलबाईंनाही सगळं कळवते. सगळं म्हणजे सगळं, भाऊजी."

भाऊजी उठले. दारापर्यंत गेले. वहिनी वाट बघत होत्या. त्यांनी चिडावं, भांडावं, निदान 'बंद पंप त्याला कशाला हवे असतील' एवढं तरी विचारावं, असं त्यांना फार फार वाटत होतं.

भाऊजींनी काहीच विचारलं नाही. दार उघडून ते बाहेर गेले आणि तो आंबूस वास आत आला.